जोसेफची मिशी

येशू, मरिया, जोसेफ

रामवाडी, पेण
रविवार, १ डिसेंबर १९७४

चि. फिलू हिस बस्त्यावदादाचे अनेक आशीर्वाद.

आज पहाटे जाग आली ती चिंचोक्यांच्या खुळखुळाटाने. खऱ्या नव्हे गं, साठ वर्षांपूर्वीच्या. नाताळला चार आठवडे उरले की बाबा बिस्किटांचा पत्र्याचा डबा हलवत घरभर फिरायचे. प्रत्येक चिंचोक्याला एक चिठ्ठी गुंडाळलेली, चिठ्ठीत एक चांगलं काम, आणि ते नाताळच्या आत करायचं. एकदा तुला ‘दादाचं दप्तर आठवडाभर उचल’ अशी आली, तर तू ती चावून गिळलीस. चिंचोका मात्र प्रामाणिकपणे परत केलास.

आता डबा माझ्याकडे आणि तू रोह्याला, म्हणून तुझी चिठ्ठी पाकिटातून पाठवतो. पोस्टातला काळुराम शिक्का असा हाणतो की चिंचोका शाबूत पोचला तर तो चमत्कारच समज. चिठ्ठीत काय आहे ते आधीच सांगून टाकतो: ‘शेजारच्या गिरजाबाईंचं बोलणं एक अख्खी दुपार मध्ये तोंड न घालता ऐक.’ मी हसतोय हे तुला तिथून दिसत असेलच.

संध्याकाळी सातचं बायबलचं वाचन चालू आहे ना? तू तिथे, मी इथे, पान एकच. काल तो वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाचा भाग आला. भावाचं मन दुखावलं असेल तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, हा. काय सुंदर लय आहे त्या वाक्यांना. मी दोनदा मोठ्याने म्हटली. जपमाळही मी अजून वर्गात कविता पाठ करून घ्यायचो त्याच चालीत म्हणतो. फादर म्हणाले, मास्तर, पवित्र मरियेला छडीची भीती वाटेल.

नाताळची गव्हाण मांडायला घेतली आहे. पेणला आपली ख्रिस्ती इनमिन पाच घरं, ती दर वर्षी माझ्याच ओटीवर जमतात. मूर्ती गेल्या वर्षीच्याच, महिपतीने त्याच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या करून भेट दिलेल्या. मरियेला नथ घातली, बैलाच्या पाठीवर झूल टाकली, ते मी चालवून घेतलं. पण जोसेफला मिशी, आणि तीही टोकांना पीळ दिलेली. छत्तीस वर्षं लाल शाईने वह्या तपासलेला माणूस मी. चूक दिसली की हात राहत नाही. सगळ्यांच्या देखत ब्लेडने खरवडून टाकली. तेव्हापासून महिपती ओटीवर आलेला नाही. रोज संध्याकाळी माझ्याशी कवितांवरून भांडणारा माणूस, वर्ष होत आलं. चूक दाखवली म्हणून कोणी इतकं रुसतं का? तुझ्या गिरजाबाई म्हणजे त्याचीच बहीण, त्यांना विचारून बघ. अरे हो, तुला बोलायचं नाही, नाही का.

माझा लोभ आहेच. पुढल्या टपालापर्यंत पुरवून वापर.

तुझा दादा,
बस्त्याव


रोहा
६ डिसेंबर

ती. दादास फिलूचा सा. न. वि. वि.

चिंचोका शाबूत पोचला. काळुरामला उगाच बोल लावू नकोस, तुला माणसांच्या चुका जरा लवकर दिसतात.

गिरजाबाईंची एक दुपार करून पाहिली. दुसऱ्याच वाक्याला त्या म्हणाल्या की सून वालाच्या बिरड्यात साखर घालते, आणि मी ‘शी’ म्हणाले. ‘शी’ हे बोलणं धरतोस का? धरत असशील तर पुढच्या वेळी तोंडात पाणी धरून बसेन.

आता तुझी चिठ्ठी. बाबांच्या नियमाने चिंचोक्याला गुंडाळून पाठवते आहे: ‘ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे, त्याच्याकडे काहीतरी मागायला जा.’ नीट वाच. द्यायला नव्हे, मागायला. द्यायला तू टाचा उंचावून जाशील आणि वर उपदेश देऊन येशील. अर्पणाच्या त्या पानावर तुला लय दिसली, दादा. मला महिपतीभाऊ दिसले.

तुझ्या हिवाळ्यातल्या नेहमीच्या खोकल्याला अडुळशाचा काढा घे. कविता म्हणून खोकला जात नाही. माया असू दे.

तुझी फिलू


येशू, मरिया, जोसेफ

रामवाडी, पेण
११ डिसेंबर

चि. फिलू हिस अनेक आशीर्वाद.

काम फत्ते. वाळू दूधवाल्याशी मी दिवाळीपासून बोलत नव्हतो. का, ते त्याच्या दुधाला ठाऊक. त्याच्या दारात गेलो आणि मांजराचं पिल्लू मागितलं. दुसरं काही सुचेना. तो इतका खूश झाला की त्याने दोन दिली. आता तू म्हणशील, दादा, हा महिपती नव्हे. चिठ्ठीत महिपतीचं नाव कुठे होतं? जे लिहिलंय तेवढंच करायचं, हा बाबांचाच नियम. तू दप्तराची चिठ्ठी गिळलीस तेव्हा मी कुठे तक्रार केली होती?

पिल्लं गोड आहेत. सगळं घर सोडून ती ओटीवर नेमकी महिपतीच्या जागेवर बसतात. दोनदा हाकलली. मग म्हटलं, बसू देत, जागा रिकामीच आहे.

लोभ थोडा पातळ झाला असेल तर वाळूच्या दुधाला दोष दे, मला नको.

तुझा दादा,
बस्त्याव


रोहा
१७ डिसेंबर

ती. दादास फिलूचा सा. न. वि. वि.

वकील व्हायचा होतास, मास्तर झालास. तुझी पिल्लं मी धरत नाही.

काल माझी चिठ्ठी पुरी झाली. तोंडात पाणी धरून गिरजाबाईंपुढे बसले. पाऊण तास सून, जावई आणि कंबर. मग त्या म्हणाल्या की थोरल्या हैबतदादाला जाऊन वर्ष उलटलं. ते पाणी कधी गिळलं, मला कळलं नाही. तरीही मी बोलले नाही, म्हणूनच पुढचं ऐकायला मिळालं. एरवी मी तिथेच ‘अरेरे’ म्हणून माझं दुखणं सुरू केलं असतं.

हैबतराव सुतार होते. सगळा जन्म खाडीकाठी होड्या बांधण्यात गेला, घरी यायचे ते सणापुरते. तू त्यांना फार तर दोनदा पाहिलं असशील. गेल्या वर्षी दसऱ्याला ते गेले, तेवढं तुला ठाऊक आहे. पुढे तू नाताळच्या मूर्तींसाठी महिपतीभाऊंना जोसेफची गोष्ट सांगितलीस. सुतार, कमी बोलणारा, घरच्यांना सांभाळणारा. त्यांनी घरी जाऊन वहिनीला, हौसाबाईला सांगितलं की आपल्या दादासारखाच माणूस हाय. जोसेफला त्यांनी भावाचा चेहरा दिला. कारखान्यातली डोळ्यांची आणि भुवयांची आखणी हौसाबाईच करायची. मिशी तिने काढली, दादा. नवरा गेल्यावर ब्रशने केलेलं तिचं ते पहिलंच काम. तू ती खरवडलीस त्या दिवसापासून तिने ब्रश धरलेला नाही. घराबाहेरही पडत नाही.

हे महिपतीभाऊ तुला कधीच सांगणार नाहीत. गिरजाबाईही मला सांगायला बसल्या नव्हत्या, बोलता बोलता आलं.

तुला रागवायचं ठरवून बसले होते. आता रागवत नाही. तू प्रत्येक पत्राच्या माथ्यावर तीन नावं लिहितोस. तिसरं लिहिताना हात थांबला, तर थांबू दे.

तुझी फिलू


येशू, मरिया

रामवाडी, पेण
२४ डिसेंबर, दुपारचे चार

चि. फिलू हिस आशीर्वाद.

वर दोनच नावं आहेत. तिसरं लिहवेना.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सातचं वाचन केलं नाही. जपमाळ घेतली, पण चाल लागेना. साधीच म्हटली, अडखळत, ढ मुलासारखी.

काल कारखान्यात गेलो. माघी गणपतींची घाई चालू आहे. महिपती एका सोंडेवरून ओला हात फिरवत होता, त्याने मान वर केली नाही. वाटेत मी केवढं मोठं भाषण रचलं होतं, अगदी यमकांसकट. त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी एवढंच म्हणालो, “महिपती, मागायला आलोय. जोसेफची मिशी परत दे.”

त्याने ओले हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, “मास्तर, ती माझी असती तर दिली असती. वहिनीची हाय ती. आनी तिच्याकडं मागायचं माझ्यात बळ नाय.”

कारखान्याला लागूनच्या घराच्या दाराशी पाऊल वाजल्यासारखं वाटलं. मी त्या दिशेला हात जोडले आणि परत आलो. फिलू, मागणं फार अवघड काम आहे. तुला हे कुठून सुचलं?

आज गव्हाण मांडली आहे. बाळ सहाला ठेवायचं. जोसेफ तसाच आहे, ओठावर पांढरा ओरखडा घेऊन. त्याला मागे सरकवावं म्हणून उचललं आणि पुन्हा जागेवरच ठेवलं. दिसू दे सगळ्यांना. लाल शाईची खूण माझ्याच वहीवर पडलेली बरी.

पिल्लं ओटीवरून उठून दाराकडे धावली आहेत. वाळू असेल. थांब, पाहून येतो.

वाळू नव्हे. हे चार शब्द उभ्यानेच लिहितो आहे. दारात हौसावहिनी आहेत. वर्षभर उंबरा न ओलांडलेली बाई, डोक्यावर पदर, हातात नारळाची करवंटी, करवंटीत काळा रंग आणि दोन केसांचा बारीक ब्रश. महिपती फाटकाबाहेर पाठ करून उभा आहे, आकाशात काही महत्त्वाचं असल्यासारखा. एक पिल्लू आत्ताच त्याच्या पायात गेलं. मी खुर्ची पुढे केली, बोलायला तोंड उघडलं, तर वहिनी माझ्याकडे न बघता गव्हाणीपाशी बसल्या आणि जोसेफला हातात घेऊन म्हणाल्या,

“उजेडातून सरका, मास्तर. ती कुठवर वळायची ते मलाच ठाव हाय.”

मी सरकलो आहे. वर माथ्यावर तिसरं नाव आता लिहितो.

तुझा दादा,
बस्त्याव