विहिरीमागचा वाटाणा

बाबा,

चहा गाळून थर्मासमध्ये ठेवलाय. पहाटे कुठे तुमचा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघाले.

दुपारी अनुदानाचे साहेब जमीन बघायला येणार आहेत. जमीन पडीक ठेवायची म्हणून सरकार आपल्याला पैसे देतं. एक ओळ जरी पेरलेली दिसली तरी सगळं बंद, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी आई गेल्यावर तुम्ही विहिरीमागे वाटाणा लावलात, ती लावायची तिथेच. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पण आज साहेबांनी विचारलं असतं, तर तुम्ही खरं सांगून मोकळे झाला असता. तुमचा तो स्वभाव काही जायचा नाही.

म्हणून मघाशी जाऊन मीच सगळे वेल उपटले. वाटलं, आईनं डब्यात ठेवलेलं बी अजून असेल, ते दारात कुंडीत लावू. घरी येऊन डबा उघडला तर तळाशी नुसती राख, बियाला कीड लागू नये म्हणून आई घालायची ती. तुम्ही होतं नव्हतं ते सगळं पेरलं होतंत. शेंगा सोलून पाहिल्या. दाणे कोवळे आहेत, बियाण्याच्या कामाचे नाहीत.

वेल मोरीत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. फेकवले नाहीत.

कुत्र्याला बांधून ठेवा, साहेबांच्या अंगावर जाईल. काही पेरलंय का विचारलं तर नाही म्हणा. आता ते खरं आहे.

धाकटी