दोन मॉडेलं आणि चिमीचे रविवार

४ जानेवारी, रविवार
चिमी साडेतीन वर्षांची झाली, अजून बोलत नाही. ही तिला घेऊन माहेरी गेली आहे (तात्पुरती). रविवारी चिमी माझ्याकडे. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, भावनेवर भर देणारी दोन मॉडेलं आहेत. पहिलं: जमिनीवर बसा, मूल नेईल तिकडे जा. दुसरं: मुलाला काय वाटतंय ते चेहऱ्याने आणि शब्दांनी त्याला सांगा. कुठलंही घ्या, पण मनापासून करा. मी म्हटलं, तुलनेशिवाय निवड अशास्त्रीय. बाई नुसत्या हसल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.
संकल्प: मार्चपर्यंत निकाल. मग ही आपणहून परत येईल.

११ जानेवारी, रविवार
मॉडेल एक. गुडघा दुखतो म्हणून जमिनीऐवजी खुर्ची. निरीक्षण वरून चांगलं होतं. चिमी डब्यांची झाकणं घेऊन पलंगाखाली गेली. तिथून एक झाकण माझ्याकडे सरकवलं. मी नोंद करत होतो, थांब म्हटलं. पुन्हा सरकवलं नाही. सातत्य कमी आहे.

१८ जानेवारी, रविवार
मॉडेल दोन. रागीट चेहरा करून सांगितलं, तुला राग आलाय. आला नव्हता. मग आला.

२१ जानेवारी, संध्याकाळ
आरशासमोर सराव. आनंद अजून जमत नाही. दुःख पहिल्याच प्रयत्नात.

२५ जानेवारी
हिला फोन. पलंग ठेंगणा आहे, त्यामुळे मॉडेल एकला अडचण येते, असं समजावलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. विषयाची समज नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
चिमीला सर्दी. आली नाही. तक्ता रंगीत केला.

१५ फेब्रुवारी, रविवार
अजून सर्दीच. एवढी लांबलेली सर्दी पाहिली नाही. घरात फार शांत वाटतं. टीव्ही लावून ठेवला. झाकणं जमिनीवर तशीच आहेत, पाय पडतो, पण उचलवत नाहीत. पोरीची आठवण येते. तक्त्यात याला रकाना नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
चिमी बोलली! हिचा फोन आला. पहिला शब्द! यश कुठल्या मॉडेलचं ते ठरवायला हवं, म्हणून विचारलं, कुठला शब्द, कुठल्या प्रसंगी. ही म्हणाली, बाबाकडे जायचं ना, असं विचारलं, तर 'नको' म्हणाली.
उच्चार स्पष्ट होता का, विचारलं. अगदी स्पष्ट, म्हणाली.
मी दोघींचं अभिनंदन केलं. चिमीचा आवाज कसा आहे, ते विचारायचं राहून गेलं.