ताण दिलेली रोपं

३ डिसेंबर

पुन्हा कुणीतरी पाणी घातलं! उजवीकडचे टोमॅटोचे ट्रे मी मुद्दाम तहानलेले ठेवलेत. पानांनी माना टाकल्या की मगच पाणी, मग पुन्हा थांबायचं. असा थोडा ताण सोसलेल्या रोपावर पुढं शेतात भुरीचा रोग कमी येतो — कॉलेजात शिकले होते, आता करून बघतेय. डावीकडच्या ट्रेना रोज पाणी, तुलनेसाठी. आज उजवीकडचेही चिंब! आबांशिवाय कोण असणार.

४ डिसेंबर

आबांना विचारलं. कानावर हात!

रोपं कोमेजलेली बघवत नाहीत यांना. मी पणदऱ्याहून गालावर वळ घेऊन आले ते बघवलं. चार दिवसांत सासरी परत पाठवलं — संसार म्हटला की सोसावं लागतं म्हणे. दुसऱ्यांदा आले तेव्हा हात सुजला होता. तरी पाठवलं. आता तिसऱ्यांदा आलेय, तर अट घातलीय. शेडनेटमधली ही रोपवाटिका चालवून दाखव, मग इथं कळसला राहा. बापाची अट!

७ डिसेंबर

पाणी आई घालत होती. भर दुपारी तांब्या घेऊन सापडली. "माना टाकल्यात गं, बघवंना," म्हणाली.

माझी बॅग भरून देणारी हीच. दोन्ही वेळा. साड्यांच्या घड्या कशा नीट घातल्या होत्या! दिवसभर बोलले नाही तिच्याशी.

१६ डिसेंबर

नवऱ्यापासून, विजयसिंहापासून सुटायचं कसं, ते विचारायला बारामतीला वकीलबाईंकडं गेले. मुक्काम पडला. जाताना आईला बजावलं होतं, पाण्याला हात लावायचा नाही. तिनं खरंच लावला नाही. कडेचा एक ट्रे पार वाळला. पाणी घालून थोडी रोपं उठली, पण त्यांच्यात काही राम नाही. चूक माझी आणि चिडतेय सगळ्यांवर.

२८ डिसेंबर

शेजारच्या मळ्यातले दादासाहेब रोपं न्यायला आले. ताणातली रोपं बुटकी, फिकट. नाक मुरडलं त्यांनी. निम्म्या रानात ही लावा, निम्म्यात ती, असं हट्टानं कबूल करून घेतलं. वाळलेल्या ट्रेतली कोण नेणार? ती मी आमच्या बांधाला लावली.

४ फेब्रुवारी

भुरी आली, आणि मी खूश!

रोज पाणी पिऊन माजलेली पानं पिठात लोळल्यासारखी पांढरी झालीत. ताणातल्या निम्म्यात तुरळक ठिपके. अगदीच नाहीत असं नाही, पण कुणीही लांबून ओळखावं इतका फरक. बांधावरची मात्र सगळ्यात आधी गेली.

दादासाहेबांनी पुढच्या लागवडीची सगळी रोपं माझ्याकडंच सांगितली. आजूबाजूच्या गावांतूनही फोन आले. आता मला कोण हलवतंय इथून!

६ फेब्रुवारी

अंगाची लाही लाही होतेय.

आबा गावभर कौतुक सांगत फिरले. मग जेवताना शांतपणे म्हणाले, "डाळिंबाला आमी बी ताण देतो. त्याबिगर बहार धरत न्हाय. तुझं बी तसंच हाय. रविवारी विजयसिंहराव न्यायला येत्यात." शेडनेट म्हणे माझा धाकटा भाऊ ऋषिराज बघेल. अट मी पुरी केली, त्याचं काय? माझ्याच रोपांचा दाखला मलाच!

मी म्हणाले, "आबा, बागेला ताण देणारा माणूस पाण्याच्या कॉकवर हात ठेवून असतो. पणदऱ्यात माझ्यासाठी कोण होतं? बांधावरची रोपं बघितली का तुम्ही?"

आबा भाकरी कुस्करत बसले. आई चुलीपुढं होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. तिचा तर जास्तच राग आला. मी ताट सरकवून उठले.

८ फेब्रुवारी

बॅग भरणार नाही. ओढून नेलं तरी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

विजयसिंह आला. आबा "या, या" म्हणत उठेपर्यंत आई दारात आडवी उभी राहिली. "पोरगी येनार न्हाय," म्हणाली. मग आबांकडं वळली. "जन्मभर सोसलं मी. घट्ट न्हाय झाले, नुसती गप झाले."

एवढं बोलली आणि चौकटीला टेकली. मी जाऊन तिला धरलं.