बारा दारं, एक फोटो

३ जानेवारी
बाबा ३१ तारखेला रेल्वेतून रिटायर होणार. नंतर आमची बारा क्वार्टरांची ओळ पाडणार. बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं: प्रत्येक घर आपापल्या दारात उभं, असा अख्ख्या ओळीचा एकच लांब फोटो. बरेच फोटो काढून जोडावे लागतील. शेजारचा लोकेश म्हणाला, दीदी, मोबाइल में पैनोरमा है न, घुमा दो. याला फोटो आणि दळण यातला फरक कळत नाही.

७ जानेवारी
जोडणीची सहा सॉफ्टवेअर उतरवली. तक्ता केला. पहिलं ज्याने बनवलं त्याचा माणसांवर राग असावा. दुसरं सगळं आपोआप करतं. आळशांची सोय. तिसऱ्याने लॅपटॉप बंद पाडला. उरलेल्यांचा निर्णय रविवारपर्यंत.

१२ जानेवारी
कालचा रविवार गेला. नुसत्या ट्रायपॉडने भागत नाही, वर कॅमेरा फिरवणारं पॅनो हेड हवं. कॅमेरा भिंगापाशीच फिरला पाहिजे, नाहीतर जवळच्या वस्तू सरकतात. पंडरी बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराला हे समजावलं, तर त्याने लग्नाचे अल्बम काढले. ऑनलाइन मागवलं.

१८ जानेवारी, रविवार
पुन्हा पुढे ढकललं. हेड आलं, पण ते सपाट बसतं का हे तपासायला आणलेल्या पाणसळीशी जुळेना. पाव अंशाचा फरक. लोकेशची आई, कलावतीकाकू म्हणाल्या, पोट्टी, दोनदा पैठणी काढून ठेवली मी, काहून टाळून राहिली? अचूकपणाची या ओळीत कोणाला पर्वा नाही. बाबा तेवढे पाणसळ धरायला आले. शाळेआधी त्यांनीच मला घरी अक्षरं आणि मापं शिकवली. पट्टी दोनदा लावायची सवय त्यांचीच.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी ८
झालं. चौदा फोटो. लोक मात्र हललेच. मी बाबांना कामाला लावलं: या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून सगळ्यांना स्थिर ठेवा. ओळीतले नरहरकाका आपल्या दारातून बाबांना ओरडले, दयाराम, सहा दिवस राहिले, आता तरी ड्युटी सोड. माझ्या मागे लोकेश मोबाइल फिरवत होता. मी वळूनही पाहिलं नाही.

२७ जानेवारी
पाचवं सॉफ्टवेअर निवडलं. जो माणूस एका जागी टिकत नाही, त्याला ते पुसून टाकतं. ही सोय पूर्ण ताकदीवर ठेवली. एकही जोड दिसत नाही. चार फुटी छापायला दिला. मोबाइलवाल्यांनी येऊन बघावं.

३१ जानेवारी
निरोपाचा चहा. प्रत्येकजण आपलं दार शोधत होता. बाबांनी फोटो दोनदा पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हळूच विचारलं, मी कुठं आहे गं?
आमच्या दारात आई एकटी.
लोकेशने मोबाइल पुढे केला. त्याच्या फोटोत ओळीपुढचा हातपंप मोडलेला, नरहरकाकांना एकच पाय, आणि बाबा तीन दारांत. बाबा बराच वेळ हसले. म्हणाले, हाच छापून दे मले.

२ फेब्रुवारी
लोकेशला म्हटलं, निदान हातपंप सरळ करून देते. तो म्हणाला, रहने दो दीदी.
फ्रेम आली. लावायला बाबांनी मलाच बोलावलं, कारण पाणसळ माझ्याकडे आहे.