कासव आणि मधेच आलेला हात

१ जानेवारी २०२५
आजपासून फोटोग्राफी. मोबाईलवर नव्हे, कॅमेऱ्यावर. विषय: ओहोटीला चिखलात अडकून पडलेले खाडीतले जीव, शिवाय कुणी ढुंकून बघत नाही अशा वस्तू. पेणच्या लोकांना गणपतीच्या मूर्तीपलीकडे काही दिसत नाही. १६ फेब्रुवारीला रोह्यात प्रदर्शन. हॉल बुक केला. फोटो काढायचे बाकी आहेत, पण तो भाग सोपा.
बायको म्हणाली, आधी फोटो, मग हॉल, असं नसतं का? नूतनसारखी बायको असली की कलेला बाहेरून शत्रू आणावा लागत नाही.

२ जानेवारी, सकाळ
धरमतरची खाडी. एका जेलीफिशचे सदतीस फोटो. काय ती पारदर्शकता. नंतर कळलं, दुधाची पिशवी होती. हरकत नाही. 'दुर्लक्षित वस्तू'त बसते.
परतताना मांडीपर्यंत रुतलो. खेकडे धरणाऱ्या गिरजाबाईने हाताला धरून ओढून काढलं. साठीची बाई, पूर्ण वेळ हसत होती. डावा बूट आतच राहिला. तोही काढून देता आला असता.

६ जानेवारी
धाटावच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट. कंपनीच्या बसमध्ये माझ्याच खात्यातल्या विशालला फोटो दाखवले. विचारतो, हा दगड का? म्हटलं, मेलेला खेकडा. म्हणाला, मग जिवंत असताना काढायचा ना. यापुढे विशालशी कामापुरतंच बोलायचं.

१० जानेवारी
निर्धार. रोज पहाटे पाचला उठणार.

११ जानेवारी, सकाळी साडेआठ
गजर नूतनने बंद केला असणार. ती म्हणते, तुम्हीच केलात, शिवी देऊन.

१५ जानेवारी
आयुष्यात एकदाच मिळतो असा फोटो आज मिळत होता. त्या बाईने घालवला.
साडेसातला खाडीवर पोचलो. धुकं. तुटक्या जाळ्यात गुरफटलेलं मोठं कासव चिखलात पडलेलं. डोळा उघडा. भरती लागली होती. फक्त ऊन यायचं बाकी होतं. तेवढ्यात गिरजाबाई सुरी घेऊन आली. दहा मिनिटं थांबा म्हटलं.
"पानी चढतंय. जाल्यात बुडून मरंल तो."
म्हटलं, उजेड येऊ दे.
"उजेड तुला हवाय. त्याला नाय."
आणि लागली जाळं कापायला. मी ओरडलो, हात बाजूला घ्या. घेतला नाही. मी बटण दाबत राहिलो. कासव गेलं. साधं वळून बघितलं नाही त्याने.
एकच फोटो धड आला. शेवटच्या क्षणी ऊन पडलं होतं. पण मधोमध तिचा हात, चिखलाने भरलेला, कासवाच्या पाठीवर.

१६ जानेवारी
नूतनने कॅमेरा न विचारता बघितला. म्हणाली, तुमच्या हातून असा फोटो निघेल असं वाटलं नव्हतं. हाच सगळ्यांत मोठा करून लावा. कलाकार कोण आहे, हे एकदा स्पष्ट होणं गरजेचं होतं. डिलीट केला.

१६ फेब्रुवारी, रोहा
चाळीस फोटो लावले. दहा ते दोन कुणी नाही. रोहेकरांकडून अपेक्षा नव्हतीच. विशाल आला, मोबाईल चार्ज केला, गेला.
तीन वाजता गिरजाबाई आली. निमंत्रण नूतनचं. धरमतरहून दोन गाड्या बदलून, ठेवणीतलं लुगडं नेसून, सून रंभाला घेऊन. एकेका फोटोपुढे थांबली. चाळिसावा झाल्यावर तिने विचारलं, कासव कुठाय? म्हटलं, तो फोटो काढून टाकला. का, म्हणाली. म्हटलं, तुमचा हात आला होता मधे.
तिने स्वतःचा हात उलटासुलटा करून बघितला. धुतलेला होता.
"वाईट दिसत व्हता?"
मी कॉम्पोझिशन समजावून सांगितलं. सोप्या भाषेत. ती ऐकून घेत होती. मग रंभाला म्हणाली, "चल गो, गाडी चुकंल."
जिन्यापर्यंत गेलो. सोडायला नव्हे, वारं खायला. थांबा म्हणणार होतो. त्या तोवर रस्त्याला लागल्या होत्या.
वर आलो तर नूतन फोटो उतरवत होती. म्हटलं, पाचपर्यंत हॉल आपला आहे. म्हणाली, ज्यांना बघायचं होतं त्या येऊन गेल्या.