घरी कोण असतं?

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू थोरली, तेव्हा साष्टांगच घालायला हवा. पण हल्ली जमिनीवर टेकलो की उठताना कशाला तरी धरावं लागतं, म्हणून हा उभ्या उभ्याच मानून घे. लेक, जावई ठीक असतील. जुळी दोघं आता एकाच वेळी दोन दिशांना पळतात असं तू म्हणाली होतीस. तुझ्या गुडघ्यांची दया येते.

इकडची खबरबात नेहमीचीच. न्हाणीघरातला नळ गळतोय, प्लंबर उद्या येतो म्हणतो आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही. गाडी शिकवायला मी आता दिवसाला दोनच शिकाऊ घेतो. त्यातली एक दातांची डॉक्टर आहे. लोकांच्या जबड्यात हात घालताना तिचा हात कापत नाही, पण गाडी मागे घे म्हटलं की घामाघूम होते. परवा तिने पहिल्यांदाच गाडी भिंतीलगत सरळ मागे घेतली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती बिचारी घाबरून खाली उतरली, चाकाखाली कुणी आलं की काय ते बघायला.

आता तू भुवया उंचावल्या असशील. ज्याच्या ओरडण्याला कंटाळून लोक गाडीचा नाद सोडून सायकल घ्यायचे, तो रडतो? त्याचंच कारण सांगायला हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस.

मी जातो त्या दवाखान्यातून तुला एक फोन येईल. घाबरू नकोस.

गेल्या वर्षी मला सारखं लघवीला जावं लागायचं. शिकवणी अर्धवट टाकून पेट्रोल पंप शोधायचो. वय झालं, चालायचंच, म्हणून बरेच दिवस काढले. मग रक्त तपासलं, त्यातला एक आकडा असावा त्याच्या कितीतरी पट निघाला. मग मशीनमध्ये घालून फोटो, मग सुईने आतले तुकडे काढून तपासणं. त्याचं वर्णन करत नाही, तू जेवायला बसली असशील. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. घे, लिहून टाकलं. पुढे काही आठवडे रोज किरणांच्या उपचाराला जात होतो. त्या दिवसांत तू फोनवर विचारायचीस, कुठे आहेस, आणि मी सांगायचो, गॅरेजमध्ये, दुरुस्तीचं काम निघालंय. अगदीच खोटं नव्हतं.

आता दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. पुरुषाच्या अंगात जे रसायन तयार होतं त्यावर हा आजार पोसतो, म्हणून ते रसायनच बंद पाडतात. आजार उपाशी राहतो, पण माणसाचंही बरंच काही बंद पडतं आणि नको ते चालू होतं. बसल्या जागी छातीतून डोक्यापर्यंत वाफ चढते. पोट सुटलंय. आणि रडू. जाहिरात बघून रडू, दातांच्या डॉक्टरने गाडी लावली म्हणून रडू. भावोजी गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा तुझं पाळी जाण्याचं वय होतं, तू भर थंडीत खिडक्या उघडायचीस आणि मी म्हणायचो, हिचं काहीतरी बिनसलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हसून घे पोटभर.

तर या इंजेक्शनांचा मोठ्या डॉक्टरांकडे अभ्यास चाललाय. अर्ध्या लोकांना ती सलग द्यायची, अर्ध्यांना मधे काही महिने सुट्टी द्यायची, आणि सुट्टी दिल्याने आजार बळावतो का ते बघायचं. कोणी कुठल्या अर्ध्यात जायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, तिथे वशिला चालत नाही. मी सलगवाल्यांत आलो. माणूस किती जगतो एवढंच त्यांना बघायचं नाही, कसा जगतो तेही बघायचंय. आणि बाप्ये स्वतःबद्दल खरं सांगत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून घरच्या माणसालाही विचारतात: चिडतो का, झोपतो का, गप्प गप्प असतो का.

हे विचारायचं काम एका नर्सकडे आहे. मी तिला मनात चष्मेवाली म्हणतो. पहिल्या भेटीत तिने विचारलं, घरी कोण असतं? माझ्या तोंडून गेलं, थोरली बहीण.

खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो गं. तिथे बाकावर बसलेल्या प्रत्येकाशेजारी कुणीतरी पिशवी धरून बसलेलं होतं. पुढच्या खेपेला तिने विचारलं, मग ताई काय म्हणतात? आता काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, ताई म्हणते, हा खिडक्या सताड उघड्या टाकतो आणि मला स्वेटर घालून भांडी घासावी लागतात. ती खूप हसली. त्यानंतर मला सवयच लागली. घरी काही झालं की वाटायचं, यावर ताई काय म्हणेल? आणि तू म्हणायचीसही. नळ गळतोय त्यावर तू प्लंबरला जे बोललीस ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता चष्मेवालीला तुझ्याशी थेट बोलायचंय. नंबर मीच दिला होता, अडीअडचणीला म्हणून. हात दाखवून अवलक्षण. तेव्हा तू एवढंच कर: मी त्याच्याकडेच राहते म्हण, झोप कमी आहे पण खाणंपिणं ठीक आहे म्हण, आणि ठेवून दे. माझं खोटं उघडं पडलं तर ते मला अभ्यासातून काढतील. इंजेक्शन तसंही मिळेल. पण चष्मेवाली दर महिन्याला बोलावते, समोर बसवते आणि कसे आहात म्हणून विचारते. ते बंद होईल.

तू तिकडून धावत येऊ नकोस. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेलीस आणि दोन वर्षं झाली, ते बरंच झालं. तिला तुझी गरज आहे. माझं छान चाललंय.

काळजी नसावी.

तुझा भाऊ


२ मार्च

ताई,

तुझे फोन आलेले पाहिले. उचलले नाहीत. शिकाऊ बाजूला होता असं लिहिणार होतो, पण दोन फोन रविवारचे आहेत आणि रविवारी मी शिकवत नाही हे तुला माहीत आहे. तू हॅलो म्हटलं असतंस आणि मला बोलता आलं नसतं, एवढंच.

मग तू निरोप बोलून ठेवलास. "काय सांगायचं ते मला शिकवू नकोस. बाई विचारतील तेव्हा जे आहे तेच सांगेन. आणि फोन उचल, गाढवा." तो मी गाडीत बसून ऐकला. नंतर आणखीही ऐकला. शिव्या देणारं माणूस दोन वर्षांत भेटलं नव्हतं.

तर आता तो फोन येणार नाही. मी स्वतः जाऊन चष्मेवालीला सांगून आलो. तू फोडशील या भीतीने गेलो, हे कबूल. पण वाटेत आणखी एक गोष्ट लक्षात आली. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मी तो हळूच दाबला की गाडी थांबते आणि शिकाऊला वाटतं, आपणच थांबवली. असं मी फार दिवस केलं तर तो माणूस एक दिवस एकटा रस्त्यावर जाईल आणि कुणाच्या तरी अंगावर गाडी घालेल. माझी ही बनवलेली ताई म्हणजे तसलाच ब्रेक. उद्या कुठल्या तरी गावातल्या म्हाताऱ्याला डॉक्टर सांगतील, हे सलग घ्या, घरच्या लोकांना काही जड गेलेलं दिसत नाही. आणि ते घरचे लोक म्हणजे मीच असेन.

चष्मेवालीने सगळं ऐकून पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "तुमच्या ताई मला आवडायच्या."

मग मोठे डॉक्टर आले. रागावले, पण मी शिकाऊंवर जेवढा रागावतो त्याच्या पाव. मला काढलं नाही. तुझ्या नावावरची सगळी उत्तरं बाद केली, आणि एकटे राहणाऱ्यांची वेगळी मोजणी आहे, त्यात मला घातलं. डॉक्टर गेल्यावर चष्मेवालीने सांगितलं की मी पहिला नाही. एक गृहस्थ दर खेपेला बायको काय म्हणते ते सांगायचे. आज तिने काय टोमणा मारला, कशावरून रुसली. दवाखान्यातून घरी फोन लावला तेव्हा तो शेजाऱ्याने उचलला आणि कळलं, त्या चार वर्षांपूर्वीच वारल्या. कोण, कुठले, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग तिने नव्याने सुरुवात केली. घरी कोण असतं? मी म्हटलं, कोणी नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, चहावाल्यालासुद्धा नाही. त्याच्याकडे चहाबरोबर मी कायम दोन बिस्किटं बांधून घेतो, घरी कुणी असल्यासारखी. त्यानंतर तिने विचारलं, कसे आहात, आणि मी तिच्यासमोर रडलो. इंजेक्शनचंच असेल असं ती म्हणाली. मी हो म्हटलं. पण ताई, इंजेक्शन नसतं तरी रडलो असतो.

तेव्हापासून तो गृहस्थ माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. त्याने बायकोला पत्र लिहून कुठल्या पत्त्यावर टाकायचं? माझी ताई तर एका दिवसाच्या प्रवासावर आहे, धडधाकट आहे, मला गाढव म्हणते आहे. आणि मी तिला सोडून तिची नक्कल घरात ठेवून बसलोय. मागच्या पत्रात मी तुला खोटं बोलायला सांगितलं, आणि जे सांगायचं होतं ते बरोबर टाळलं.

तुझ्या खोलीत मी गाडी शिकवायला लागणारे रबरी शंकू रचून ठेवले होते, कोपऱ्यापासून दारापर्यंत. ते काल गाडीत भरले. खोली झाडली. भिंतीला एक रंगाचा हात द्यायला हवा, पण रंग कुठला ते मी ठरवणार नाही, नंतर ऐकून घ्यावं लागतं.

ताई, तू ये. मला उचलायला-बसवायला माणूस लागत नाही. आजार आटोक्यात आहे, रक्तातला आकडा खाली आलाय, डॉक्टर म्हणतात मी अजून पुष्कळ वर्षं काढीन. तीच तर पंचाईत आहे. ती पुष्कळ वर्षं मला एकट्याने काढायची नाहीत.

लेकीला विचार. तिला जड जाणार असेल तर मला स्पष्ट नाही म्हणून कळव, मी वाचून घेईन, रडेनही, त्याने काही मरत नाही. फक्त 'बघू' लिहू नकोस. आपल्या घरात बघू म्हटलेली गोष्ट आजवर कुणी बघितलेली नाही.

गाडी कुठलीही असू दे, वेळ कुठलीही असू दे, मी स्टेशनवर उभा असेन.

तुझाच,
ढब्बू