चापाचा उंबरा

बाबा, दुकानात आता कारखान्यातूनच तयार होऊन आलेलं रिव्हॉल्व्हर मिळतं. तुमच्या वेळी हे नव्हतं. साधं रिव्हॉल्व्हर यायचं, आणि ज्याला चाप मऊ हवा असेल तो ते आपल्या बाकावर ठेवून जायचा. आता ते काम कंपनीच करून पाठवते. आतले भाग घासून आरशासारखे केलेले, काडतुसांच्या घरांच्या कडा मारलेल्या, नेमाची माशी चांगली, मुठीला भारी लाकूड, आणि किंमत साध्याच्या जवळजवळ दीडपट. म्हाताऱ्या मालकांच्या मुलाने, धाकट्या अर्बाबने, तशी एक पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "टेस्ट करो और सच बोलो. पैसा वसूल है कि नहीं? वसूल है तो आगे से यही मंगाएंगे. फिर ये टेबल का काम खलास." टेबल म्हणजे तुमचा बाक. तो खलास झाला की माझा व्हिसाही खलास, हे त्याने बोलून दाखवलं नाही. मुलगा वाईट नाही. बाहेर शिकून आलाय, धंदा नीट करायचा म्हणतो. हा प्रश्न तुम्हाला विचारायचा होता, मला नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही मला इथे अरबांच्या मुलखात आणलंत तेव्हा मी डिप्लोमा करून आलो होतो आणि मला वाटायचं, काम म्हणजे मोजमाप. पहिलं रिव्हॉल्व्हर तुम्ही माझ्या हातात दिलंत ते मी असं घासलं की चाप लोण्यातून सुरी जावी तसा सुटायचा. फार अभिमान वाटला होता. तुम्ही ते हातात घेता, रिकामा चाप ओढता, डोळे मिटून परत ओढता, आणि बाकावर ठेवता. "गुळगुळीत केलंस," एवढंच म्हणता. मी खूश. मग म्हणता, "आता ह्येका उंबरो नाय." तो भाग तुम्ही काढून फेकून दिलात आणि नवा बसवून मला पहिल्यापासून करायला लावलंत. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही, हेही तेव्हाच सांगितलंत.

उंबरा म्हणजे काय ते मला हमरियातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत कळलं. तुम्ही सुकटीचं कालवण ढवळत होता, आणि मी अजून फुरंगटून बसलो होतो. गिऱ्हाइकाला मऊ चाप हवा असतो, मग त्यात अडथळा का ठेवायचा, असं मी विचारलं. तुम्ही पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलात. "घरातसून भायर जाताना उंबऱ्यार पाय उचलूक लागता," तुम्ही म्हणालात. "तेवढ्यात माणसाक कळता, आपण भायर चाललव. परत फिराचा आसलां तर तो थयसूनच फिरता." चाप ओढताना घोडा सुटण्याच्या जरा आधी बोटाला एक जागा लागली पाहिजे, जिथे ते थांबू शकेल, असं तुमचं म्हणणं. बोटाला कळेल इतकीच, नेम हलणार नाही इतकीच. मग तुम्ही वळून आत गेलात. त्या दाराला उंबरा नव्हता. इथल्या फ्लॅटांना नसतोच, सरळ लादी असते. तरी तुम्ही पाय उचलून आत गेलात. रोज जायचात. बरोबर राहणारे दोघे तुम्हाला हसायचे, म्हणायचे, काका, खाली काय साप आहे का?

तुम्ही वारलात त्याच्या आदल्या आठवड्यात तुमची घासायची सहाण मला दिलीत. कारण काही सांगितलं नाहीत. तुमच्या अंगठ्याने तिच्यात एक खोलगा पडला होता. तेव्हा माझा अंगठा त्यात सैल बसायचा. आता बरोबर बसतो.

आपलं दुकान आहे त्या गाला भागात दुपारी सगळं बंद असतं, ते अजून तसंच आहे. शेजारच्या गॅरेजमधली ठोकाठोक थांबते, पत्रे तापून कुठेतरी टणकन वाजतात, आणि रस्त्यावर एखादी मांजर गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली जाते तेवढीच हालचाल. गावी आई भर दुपारी पाणंदीतून जाऊ द्यायची नाही. इथे पाणंद नाही, पण दुपार तीच आहे. मी डबा खाऊन मागेच पडून असतो. तुमच्यानंतरही त्या वेळी बाकाकडून चाप ओढल्याचा आवाज कधीमधी येतो. घोडा मागे जातो, थांबतो, मग पडतो. गरम झालेलं लोखंड आकसत असेल, असं मी पहिल्यांदा ठरवलं आणि तेच पुढे धरून ठेवलं. लोखंड असं मध्ये थांबून आकसत नाही, हे मलाही कळतं. मी कधी उठून पाहिलं नाही. तुम्ही काम करताना मागे येऊन उभं राहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही.

नवं रिव्हॉल्व्हर मी अशाच दुपारी पेटीतून काढलं. कारखान्याची चिकटपट्टी मीच फाडली. रिकामं आहे ते पाहिलं, चाप ओढला. मऊ होता, सुरुवातीपासून एकसारखा, माझ्या हातून इतका एकसारखा झाला नसता. आणि शेवटाला, घोडा सुटायच्या जरा आधी, बोट थांबलं. तिथेच. मी हात पुसला आणि पुन्हा ओढला. पुन्हा तिथेच. मग बाजूची पट्टी उघडून आत पाहिलं. आत सगळं चकचकीत, एक ओरखडा नाही. बोटाला थांबवेल असं त्यात काहीच नव्हतं. भिंगातून पाहिलं, तरी नव्हतं. पट्टी बंद करून चाप ओढला आणि बोट थांबलं. मी ते परत पेटीत ठेवलं.

संध्याकाळी धाकट्याने ओढून पाहिलं. "मक्खन है," म्हणाला. त्याला काहीच लागलं नाही. तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, माझ्याच बोटाची सवय आहे, इतकी वर्षं एकच काम केल्यावर दुसरं काय होणार. तेवढ्यात म्हातारे अर्बाब आले. आता काठी घेऊन चालतात, हात कापतो. त्यांचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर तुम्ही केलेलं, ते त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. त्यांनी नवं उचललं, भिंतीकडे धरलं, चाप ओढला. त्यांचं बोट मध्ये थांबलं. मी बघत होतो. त्यांनी चाप हळूच परत सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ये तेरे बाप ने बनाया."

धाकटा हसला. "बाबा, ये कंपनी का है. मेरे सामने सीलबंद आया. इसमें इसका बाप किधर से आएगा?"

"उंगली को मालूम है," म्हातारे म्हणाले. रिव्हॉल्व्हर त्यांनी पेटीत ठेवलं नाही, बाकावर ठेवलं, तुम्ही ठेवायचात त्या बाजूला.

आता मला उत्तर द्यायचं होतं. खोटं बोललो असतो तर बाक राहिला असता. इतकी किंमत कशाला, साधं घ्या, मी आहे ना, एवढं म्हटलं की झालं असतं. पण काम चांगलं होतं, बाबा. ज्याला मऊ चाप हवा आणि थांबायचं नाही, त्याला मी याहून चांगलं देऊ शकत नाही. मी सांगितलं, वसूल आहे. धाकट्याने विचारलं, "पक्का?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला हेच हवं असेल तर पक्का. म्हातारे काठी आपटून म्हणाले, "गधा! अपनी रोटी को खुद लात मारता है. बाप भी ऐसाच था." धाकटा म्हणाला, ईदपर्यंत राहा, घाई नाही. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं की बहुतेक परत येतोय. ती म्हणाली, मुलीचं शेवटचं वर्ष आहे.

ते रिव्हॉल्व्हर विकलं गेलं. बातिनाच्या किनाऱ्याकडचा एक तरुण होता, खजुराची बाग आहे, परवाना वडिलांच्या वेळेपासूनचा. आमच्याकडे आल्यावर फोनवर मोठमोठ्याने भांडत होता. धाकटा नंतर म्हणाला, फलजच्या, म्हणजे बागेच्या पाटाच्या, पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी वाद आहे. मला ते आवडलं नाही, पण कागद सगळे बरोबर होते आणि विकणारा मी नव्हतो. त्याने दुकानात चाप ओढून पाहिला, मान हलवली, पैसे दिले. त्यालाही काही लागलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

काही दिवसांनी तो परत आला. दुपारचाच, शटर अर्धं खाली होतं, त्याखालून वाकून आत आला. दुकानात मी एकटाच. चपलांना ओली माती सुकून लागलेली, पाटाच्या कडेची असते तशी. पेटी त्याने माझ्यासमोर ठेवली.

"रफीक," इथे आपल्या सगळ्यांनाच म्हणतात तसं तो म्हणाला, "ये बीच में रुकता है."

मी म्हटलं, किधर रुकता है?

त्याने बोट वर केलं आणि हवेतच वाकवत आणलं, आणि बरोबर तिथे थांबवलं. "इधर. मैं खींचता, ये इधर रुकता. तीन बार." त्याचं बोट तसंच वाकलेलं राहिलं, त्याने दुसऱ्या हाताने ते सरळ केलं. मी त्याला पाणी दिलं. तो ग्लासभर एका दमात प्यायला.

मी म्हटलं, रखके जाओ, देखके ठीक करेगा.

"ला, ला," त्याने नाही म्हणून मान हलवली. "ठीक मत करो. वापस रखो. मेरे को नहीं चाहिए." दाराशी जाऊन तो वळला. "ये मेरा भाई है," म्हणाला. मला वाटलं बाहेर कोणी उभं असेल, मी वाकून पाहिलं. बाहेर त्याची गाडी होती, रिकामी. मग कळलं की तो मला उत्तर देत होता. कोणावर धरलं होतं, या मी न विचारलेल्या प्रश्नाचं.

तो गेल्यावर मी रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं आहे ते पाहिलं आणि चाप ओढला. चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ गेला. घोडा पडला. पुन्हा ओढला, पुन्हा सरळ. मऊ, एकसारखा, कुठेही काही नाही. उंबरा गेला होता. म्हाताऱ्या अर्बाबना बोलावून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ओढलं, पुन्हा ओढलं, आणि म्हणाले, "अब ये कंपनी का है."

धाकट्याला मी सांगितलं की गिऱ्हाइकाने परत केलं, दोष सापडला नाही. परत आलेला माल तपासायला कोणीतरी लागतंच, टेबल अभी रहने दो, असं तो म्हणाला. बाक आहे. मुलीचं वर्ष पार पडेल. ते रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटात आहे, आणि जास्तीचे पैसे योग्य आहेत का असं कोणी विचारलं तर मी अजूनही हो म्हणतो. त्यात काय मिळतं ते सांगतो. काय मिळत नाही ते सांगायला मला हिंदीत शब्द येत नाही.

त्या दिवसापासून दुपारी बाकाकडून आवाज येत नाही. मी ऐकत पडून राहतो. पत्रे वाजतात, मांजर जाते, बाकी काही नाही. हा कागद तुमच्या सहाणेभोवती गुंडाळून खणात ठेवतो. सहाण तेलकट आहे, अक्षरं टिकणार नाहीत, आणि तुम्हाला वाचायचं असतं तर त्यासाठी कागद लागला नसता. एवढंच सांगायचं राहिलं की कपाट पुसताना मी ते रिव्हॉल्व्हर रोज एकदा हातात घेतो, चाप ओढतो आणि त्या जागी थांबतो. तिथे आता काही नाही. तरी थांबतो. तुम्ही सरळ लादीवर पाय उचलायचात तसा.